उशिरा कळलेलं कारण

पडदे शिवायच्या कारखान्यात तिला सगळे घाईबाई म्हणायचे. मशिनवर पाय चालू असतानाच ती मधूनच उठायची आणि न्हाणीघराकडे पळायची. बाया हसायच्या, तीही हसायची. महिन्यातले निम्मे दिवस अंगावरून रक्त जातं, हे कुणाला सांगणार? लग्नानंतर एकदा थोरल्या बहिणीला सांगून पाहिलं होतं. आई गेल्यावर ताईनंच तिला वाढवलेलं. माझंही असंच आहे, बाईच्या जातीला हे चुकलेलं नाही, असं ताई म्हणाली आणि विषय मिटला.

मूल झालं नाही. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. शांत माणूस. सासू मात्र उठता-बसता टोचायची. ते ऐकून ऐकून तो निम्मा झाला, तेव्हा हिनंच त्याला मोकळं केलं. भांडण नाही, तंटा नाही. पुढं त्यानं दुसरं लग्न केलं, दोन मुली झाल्या.

चाळिशी उलटल्यावर एका दुपारी ती मशिनवरच चक्कर येऊन पडली. अंगात रक्तच उरलं नव्हतं. ताईनं तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आत, अस्तरातून देठावर लोंबणारी मऊ गाठ दिसली. पॉलिप. दुर्बीण आत घालून ती काढली, पोटावर टाकासुद्धा नाही. संध्याकाळी घरी. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. अशी गाठ पुन्हा वाढू शकते, तेव्हा दाखवायला येत राहा, असं बाईंनी बजावलं.

ताईचा जीव भांड्यात पडला. हिनं मात्र विचारलं, "बाई, मूल झालं नाही ते या गाठीमुळेच का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असू शकतं. तेव्हा ही होती की नाही, ते आज कसं सांगू? पण आला असतात तर बघता आलं असतं."

बाहेरच्या बाकावर ताई ढसाढसा रडली. हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. तुला तरी कुणी सांगितलं होतं, एवढंच ती ताईचे हात धरून म्हणत राहिली. पुढची पाळी आली आणि मुकाट्यानं थांबलीही. हे इतकं साधं असतं, हे कळलं तेव्हा ती न्हाणीघराची कडी लावून रडली.

मग सुट्टीच्या दिवशी ती घड्याळांच्या दुकानात गेली. माझ्यात खोट नव्हती, एक गाठ होती, हे त्याला सांगायचंच, असं ठरवून. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. शेजारी धाकटी मुलगी केळं खात होती. जिवणी हुबेहूब त्याची.

तो उठून उभा राहिला. "वाळलीस गं. बरी आहेस ना?"

"आता बरी आहे."

तो पुढचं ऐकायला थांबला. ती पोरीकडे बघत राहिली. सांगितलं तर त्याला जन्मभर पुरेल, आणि या पोरीचं तोंड बघताना दर वेळी ते आठवेल.

"घड्याळाचा पट्टा तुटायला आलाय," ती म्हणाली.

त्यानं पट्टा बदलून दिला. कोपऱ्यापर्यंत ती ताठ चालत गेली. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली, आणि कितीतरी वेळ तिला उठताच आलं नाही.