चपलांच्या कपाटाची जाळी

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं नाव मनोहर जाधव, आणि तो झाला गेल्या वसुबारसेला, सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना, आमच्या घराच्या दारात. करणारे आम्ही. मी पत्रकं लिहिते. पत्रकात पहिल्या दोन ओळींत एवढं सांगून टाकायचं असतं, म्हणजे घाईतल्या माणसालाही निदान दोषी कोण ते कळतं. तुम्हाला घाई नसेल तर पुढचंही ऐका.

सागाच्या ताज्या भुशाचा वास मला अजूनही आधी येतो आणि आठवण त्याच्या मागून चालत येते. किंचित तुरट, किंचित तेलकट, उन्हात तापलेल्या पत्र्याखाली दाटून राहिलेला तो वास जाधवकाकांच्या कारखान्याचा. कारखाना हा त्यांचाच थट्टेचा शब्द. ओझरला विमानांच्या कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झाल्यावर, अंबडच्या अलीकडच्या आमच्या रो-हाउसच्या ओळीत, त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर त्यांनी पत्रा टाकला, जुन्या पलंगाच्या फळ्यांचं टेबल ठोकलं आणि त्यावर एक छोटं यंत्र बसवलं: स्क्रोल सॉ. शिवणयंत्राच्या सुईसारखं खालीवर होणारं, दोऱ्याइतकं बारीक करवतीचं पातं, आणि त्याच्यापुढे बोटांनी हलकेच वळवलं जाणारं लाकूड. लाकूड ढकलायचं नाही, फक्त वळवायचं. घाई केली की पातं तुटतं, रेंगाळलं की लाकूड जळून काळं पडतं. पातं ताणून झालं की काका ते नखानं छेडत आणि तंबोऱ्याच्या तारेसारखा सूर लागेपर्यंत आवळत राहत.

भिंतीवर पांढऱ्या रंगात हत्यारांच्या सावल्या रंगवलेल्या होत्या. पक्कड, कानस, हातड्रिल, भिंग, प्रत्येकाची आकृती आणि त्या आकृतीवर तेच हत्यार. विमानाच्या पोटात एक पाना विसरला तर वर माणसं मरतात, ते सांगत, म्हणून तिकडे एक जरी सावली रिकामी दिसली तरी पाना सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. मी शनिवारी-रविवारी शिकायला जाऊ लागले तेव्हा त्यांनी ओळीच्या शेवटी एक चंद्रकोरीसारखी आकृती रंगवली. भुसा नाकात जाऊ नये म्हणून लावायचा माझा मास्क तिथे अडकवायचा. घराबाहेर, कुणाच्या भिंतीवर माझ्यासाठी राखलेली ती पहिली जागा.

त्यांनी शिकवलेला पहिला नियम मला पाठ आहे. जाळी कापताना आतली भोकं आधी कापायची आणि बाहेरची कड सगळ्यांत शेवटी, कारण कड आधी सुटली तर धरायला काही उरत नाही आणि आतलं नाजूक काम थरथरून मोडतं. मी पहिल्याच दिवशी कड आधी कापली होती. काका हसले, म्हणाले, “चळवळीतल्या माणसाला बाहेरूनच सुरुवात करायची सवय.”

आईला देवघराच्या दोन दारांसाठी जाळी हवी होती. पंचवटीत मिळतात तसल्या, एकाच साच्यातून निघाल्यासारख्या जाळ्या तिला नको होत्या. काकांच्या हाताचं काम तिनं माझ्याकडे पाहिलं होतं. पण आमच्याकडे काम सांगण्याआधी माणूस विचारायची पद्धत आहे. नाव विचारून भागत नाही, कारण आमच्या जिल्ह्यात आडनाव काहीच सांगत नाही. जाधव इकडेही असतात आणि तिकडेही. म्हणून लोक गाव विचारतात, मग गावातली आळी, मग सोयरीक, इतक्या गोड आवाजात की ज्याची झडती चालली आहे त्याला पाहुणचार वाटावा. आईनं कुंपणावरून विचारलं, कुठले जाधव तुम्ही? काका म्हणाले, निफाडकडचे. आईचं माहेर निफाडकडचं. तिथेच ती थांबली आणि घरात येऊन म्हणाली, “आपलेच आहेत गं.” आयुष्यभर माणसं चाळणाऱ्या बाईची ती एकच चूक, आणि त्या चुकीच्या आधारावर नवरात्रापासून दिवाळीपर्यंत एका वृद्ध माणसानं आपले डोळे झिजवले.

पैशाची बोलणी झालीच नाहीत, शेजारधर्म होता. काकांनी पिंपळपानांची वेल काढली. आई हरखली, पिंपळ म्हणजे साक्षात विष्णू. काकांसाठीही पिंपळ पवित्रच होता, फक्त त्याच्याखाली बसलेलं कुणी वेगळं होतं. शंभरावर पानं, प्रत्येक पानात शिरा, प्रत्येक शिरेसाठी आधी टाचणीएवढं भोक, त्या भोकातून पातं ओवायचं, ताणायचं, कापायचं, सोडायचं, पुन्हा ओवायचं. ऑक्टोबरच्या उन्हात द्राक्षबागांकडून येणारा वारा औषधफवारणीचा उग्र वास घेऊन यायचा, पत्रा तापायचा, आणि काका भिंगाखाली मान घालून एका पानाच्या देठाशी अर्धा तास झगडत असायचे.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी जाळी आणायला आई स्वतः गेली, आणि पहिल्यांदाच मागच्या पट्टीत न जाता पुढच्या दारानं त्यांच्या बैठकीच्या खोलीत शिरली. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातली, चष्म्यातली ती तसबीर होती जी महाराष्ट्रात कुणाला ओळखावी लागत नाही, आणि शेजारी काकांनीच शिवणीच्या लाकडात कोरलेला ध्यानस्थ बुद्ध. काकूंनी पाणी आणलं. आईनं उपवास आहे म्हणून सांगितलं. उपवास नव्हता, उपवासालाही पाणी चालतं. हे तिनंच संध्याकाळी बाबांना सांगितलं, आपल्या प्रसंगावधानाचं कौतुक व्हावं अशा स्वरात. चादरीत गुंडाळलेली जाळी तेव्हा जिन्याखाली उभी होती. परत करायची तर कारण द्यावं लागणार, आणि आमचं घर सुसंस्कृत असल्यामुळे आम्ही कारणं देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. मी जिन्यावरून उतरले तेव्हा दारातल्या चपलांच्या कपाटाची जुनी प्लायची दारं भिंतीला टेकवून ठेवली होती आणि त्यांच्या जागी पिंपळपानांची वेल चढत होती. पूर्वेचं ऊन दारातून थेट येत होतं आणि जाळीतून गाळलेली शंभर पानं चपलांवर, बुटांवर, बाबांच्या फाटक्या स्लिपरवर हलत होती. इतकं सुंदर दृश्य मी त्या घरात त्याआधी पाहिलेलं नाही. मी आईकडे पाहिलं. ती रांगोळीच्या डब्या काढत होती.

“लाकूड चांगलंय गं,” ती म्हणाली, “वाया कशाला घालवायचं?”

बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, “चपलांनाही नशीब लागतं.” सुतार हसला. बाबाही हसले.

मी हसले नाही, माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच. माझ्या काखेत पत्रकांचा गठ्ठा होता, वर ठळक अक्षरांत जात मोडण्याचं आवाहन, खाली मी घासूनपुसून लिहिलेली दीड पानं. दहाला सभा होती, मला उशीर झाला होता. मी ते दार उघडलं, माझ्या चपला काढल्या, दार लावलं आणि गेले. त्या दिवशी माझं भाषण चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

पाडव्याला काका आले. एका पानाचा देठ पातळ राहिल्याची रुखरुख त्यांना लागली होती, म्हणून खिशात सरसाची कुपी, स्क्रूड्रायव्हर आणि भिंग घेऊन आले. आमच्याकडे पायातलं दारातच काढायचं असतं. ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त मानेवरचे, नुकतेच कापलेले पांढरे केस दिसत होते. आई पुढे आली, काहीतरी भराभर बोलली, देवघराला माप बसलं नाही म्हणे. ज्यानं ते माप तीनदा घेतलं होतं त्याला.

काका गुडघ्यांवर बसले. चपलांच्या समोर. दार उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाले, “बिजागरी उलटी लागलीय, वहिनी. महिन्याभरात दार लटकेल.” मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी बिजागरी सोडवली, फिरवली, पुन्हा बसवली. देठाला सरस लावला, अंगठ्यानं दाबून धरला, सुकेपर्यंत. आम्ही तिघं उभे होतो. कुणी खुर्ची दिली नाही.

चहा आला. आमच्याकडे पाहुण्यांसाठी सोनेरी कडेचे चिनी मातीचे कप आहेत, त्या दिवशी ते बाहेरच मांडलेले होते. काकांचा चहा कागदी कपात आला. सणाचं भांडी घासायला बाई येत नाही हो, आई म्हणाली, कुणी काही विचारलेलं नसताना. काकांनी चहा उभ्यानं प्यायला, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. कप चुरगाळला आणि आमच्या घरात न टाकता स्वतःच्या खिशात घातला. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, “देठाला जप, पोरी. दार आपटू नको. आणि रविवारी ये, तुझा मोर अर्धा राहिलाय.”

येते म्हणाले. गेले नाही. आता हिवाळा सरला, उन्हात कडकपणा आला. गच्चीवरून त्यांचा पत्रा दिसतो, दुपारी यंत्राची बारीक घरघर ऐकू येते आणि मधेच थांबते. तेव्हा ते पातं ओवत असणार. माझा मास्क घाईत घरी आणलेला होता तो इथेच आहे, म्हणजे तिकडे ती चंद्रकोर अजून रिकामी असणार, आणि एक सावली रिकामी असताना घरी न जाणारा माणूस रोज तिच्यासमोर बसत असणार. मी या शहरात किती भिंतींवर पत्रकं चिकटवली ते मला सांगता येणार नाही. कड मी सुरेख कापली होती. आतलं एकही भोक पाडलं नव्हतं. जाळी अजून तिथेच आहे, दार लटकलेलं नाही, बिजागरी चोख बसली आहे, आणि मी रोज ते दार आपटू नये म्हणून हळू लावते, जणू त्यानं काही फिटतं.

तुम्ही आता आमच्या आईला नावं ठेवाल. ठेवू नका, तेवढं सोपं काम मी आधीच केलं आहे. उठा, आपल्या स्वयंपाकघरात जा. ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीच्या कठड्यावर किंवा मोरीपाशी, कुणासाठी तरी वेगळा ठेवलेला एक कप असेल. कुणासाठी ते तुम्हाला माहीत आहे. आजचा चहा तुम्ही त्या कपातून प्या, घरातल्या सगळ्यांसमोर. आणि मग आमच्या दारात या, चपला काढण्याआधी मला हाक मारा, आणि मोठ्यानं विचारा की ते जाळीचं दार उतरवून काकांच्या हाती दिलंस का. माझं उत्तर ऐकल्याशिवाय जाऊ नका.