पंधरा तासांची तहान

मंगरूळपीरच्या बाजारात माझं नाव काढा, लोक आधी हसतील. माझ्या मळ्यातल्या वांग्याच्या सावलीत बैल बसतो, असं मीच साऱ्या तालुक्याला सांगितलेलं. पण त्या दिवसांत घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायकोला घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि एकुलती लेक तिकडे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला. देव्हाऱ्यातल्या जगदंबेकडे बघायचंही मन होत नव्हतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, "बाबा, निघाली मी." मी मोबाइलवर पाहिलं. ऑकलंड ते नागपूर बारा हजाराच्या जवळपास किलोमीटर, उड्डाण पंधरा तास. झालं! बायकोच्या कानाशी गर्जलो, "आयकतं का? इमान म्हंजे का यष्टी हाये? उद्या ऊन चढाच्या आंधी पोरगी दारात!"

तिनं डोळे उघडले. म्हणाली, "मंग आता पानी तिच्याच हातचं."

आमच्याकडे 'निघालो' म्हणणारा माणूस अजून चप्पल शोधत असतो. हे ठाऊक असून मी पोरीच्या 'निघाली'वर हिशेब मांडला. ती नुसती घरातून निघाली होती. शिवाय ते पंधरा तास सरळ रेघेचे, आणि तसं सरळ येणारं विमानच नाही. मधे सिंगापूरला उतरायचं होतं, तिथे पुढचं विमान चुकलं. इकडे दूध काढून झालं, ऊन चढलं, बायकोचे ओठ उन्हाळ्यातल्या वावरासारखे भेगाळले. चमचा नेला की तोंड फिरवायची. "थापाडेच तुमी," एवढंच म्हणाली. मी देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलं. "माय, माह्या तोंडचं सारं खोटं माह्यावर घाल. तिले तहानेली नको नेऊ."

दुपारी दारात एक बांगडीवाली आली. कधी न पाहिलेली. "दादा, घोटभर पानी द्या." मी तांब्या दिला. तिची नजर आतल्या खाटेवर गेली. "बाई बिमार हाये काय? ओठ काहून असे?" मी सांगितलं. तिनं टोपली खाली ठेवली, तांब्या घेऊन आत गेली. "मायबाई, तुमी तहानेल्या, मंग मले कसं उतरन हे पानी? मी बी कोनाची तं लेकच हावो. घ्या."

बायकोनं तिच्याकडे खूप वेळ पाहिलं, आणि तोंड उघडलं. चमचा चमचा करत अर्धी वाटी गेली. मग ती बाई उरलेलं पाणी प्यायली, टोपली उचलून चालती झाली.

लेक दुसऱ्या दिवशी पोचली. बायकोनं तिच्या हातचं पाणी घेतलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, आणि दिवे लागायच्या आत गेली.

लोक विचारतात, ती बांगडीवाली कोण? एरवी मी जगदंबेला वाघासकट अंगणात उतरवलं असतं. पण या गोष्टीला माझ्या हातून तिखटमीठ लागत नाही. तहानलेली बाई होती, पाणी पाजून गेली. तिचे उपकार आहेत. कोण किती दूर, केव्हा पोचणार, हे आता मी मोबाइलवर बघत नाही. दारात भरलेला तांब्या ठेवतो, आणि गप्प बसतो.