भिंतीवरची आई

"मावशी गेली." फोनवर बाबा एवढंच बोलले. मावशी त्यांची; माझी ती आजी. बाबा दहा महिन्यांचे असताना त्यांची आई तापानं गेली आणि तिची पाठची बहीण याच घरात लग्न करून आली. तिला स्वतःचं मूल झालं नाही. बाबांना तिनंच वाढवलं, पण 'आई' म्हणू दिलं नाही. भिंतीवरच्या, हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवून म्हणायची, "तुझी आय ती. मी मावशी."

दहाव्याला फोटो हवा होता. आधार कार्डावर ती घाबरलेली दिसत होती, आणि दुसरा फोटोच नव्हता. लग्नकार्यात कुणी कॅमेरा काढला की ती आत निघून जायची. मी इंग्रजी शाळेतली, तिची बोली मला अर्धीच कळायची. शिवाय घरात कमी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. का जातेस, हे मी कधी विचारलंच नाही... शेवटी आधारचाच फोटो मोठा केला. पुढे दोघी बहिणींच्या फ्रेम एका मापाच्या कराव्यात म्हणून मी भिंतीवरचा फोटो उतरवला. त्याचा चंदनाचा हार ती स्वतःच बदलायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. तो काढला आणि खाली झाकलेला उजवा हात दिसला. तर्जनीला टोक नव्हतं. आजीच्या लहानपणी खाडीत कालवांचे शिंपले फोडताना तुटलेलं ते बोट मला पाठ होतं. त्याच हातानं तिनं मला काटे काढून मासळी भरवली होती.

फोटो घेऊन मी हिराआत्याकडे गेले. आजोबांची ही बहीण इथेच करावे गावात राहते. ती फोटो मांडीवर घेऊन सांगू लागली. तेव्हा इथे नवी मुंबई नव्हती, खाडी आणि मिठागरं होती. थोरलीचा एकही फोटो नव्हता, आणि आजोबांना पोराला त्याची आई दाखवायची होती. चेहरे सारखे... म्हणून धाकटीला थोरलीचं लुगडं नेसवलं, तिचीच पुतळ्यांची माळ घातली आणि होडीनं पनवेलच्या स्टुडिओत नेलं. आत्या सोबत होती. "फोटूवाला बोलला, बाय, जरा हस. तं ही बोलते, मेल्याली बाय कवा हसते काय रं?" आत्या हसली आणि मग तिनं पदर डोळ्यांना लावला. आजी तेव्हा माझ्यापेक्षा लहान होती. घरी येऊन तिनं स्वतःच्या फोटोला स्वतःच हार घातला आणि साठ वर्षं त्याला उदबत्ती दाखवली.

बाबांना सांगायचं की नाही, यात माझे चार दिवस गेले. तिनं जन्मभर राखलेलं मी का उघडं करावं? आणि सांगितलं तर बाबांजवळ त्यांच्या आईचा चेहराच उरणार नव्हता. पण मावशीला एकदाही आई म्हटलं नाही, हे ती गेल्यापासून ते रोज बोलत होते... रविवारी सांगितलं. ते फोटोतल्या बोटाकडे बघत राहिले. मला वाटलं, रागावतील.

"शाळेपासनं सवय माझी," ते म्हणाले. "निघताना फोटोला सांगायचं, आई, येतो. आणि दर वेळी आतनं मावशी बोलायची, ये हां, बाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजाराला निघाले. चपला घातल्या, फोटोसमोर थांबले, "आई, येतो" म्हणाले... आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत तसेच उभे राहिले.