कोरडी परात

अप्पा गेल्याचा निरोप त्यांच्या मुलानं, शिवानंदनं, फोनवर दिला तेव्हा मी माजलगावच्या मोंढ्यात हरभऱ्याचा भाव विचारत उभा होतो. "काका, अप्पा गेले. दुपारी माती हाय," एवढंच तो बोलला. मी वडवणीला पोचलो, त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे अप्पांना बसवून माती दिली जात असताना सगळ्यांच्या मागं उभा राहिलो आणि कुणाशी न बोलता परत आलो. त्याला आता सहा आठवडे झाले. चार लोकांत त्यांच्याबद्दल बरं बोलायचा अधिकार मी फार पूर्वीच घालवून बसलो होतो...

महालिंगअप्पा आमच्या सहकारी साखर कारखान्यात मिस्त्री होते आणि मी वाहन विभागात कारकून. वयानं ते माझ्या वडिलांएवढे, तरी मला 'सायेब' म्हणायचे. दुष्काळाच्या त्या वर्षी धरण तळाला गेलं, ऊस उभ्या जागी वाळला आणि कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. रिकाम्या गाड्या सभासदांच्या गावांना पाणी पुरवू लागल्या. टँकर सगळीकडं जायचे, पण डोंगरावरच्या एका वस्तीचा चढ त्यांना झेपत नव्हता. तिथं जायची ती आमची जुनाट जीप, चारी चाकांनी ओढणारी, मागं टाकीची ट्रॉली लावून. वस्तीवरची माणसं तिच्या आवाजावर घागरी घेऊन बाहेर यायची.

ही जीप गळायची. गिअरबॉक्सच्या मागं चारी चाकांना ताकद वाटून देणारा एक डबा असतो, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. त्याचं ऑइल सील गेलेलं होतं आणि ज्या दांड्यावर ते बसतं त्यालाच चर पडलेला, म्हणून नवं सील बसवलं तरी आठवड्यात पुन्हा ठिबक सुरू. अप्पा रोज संध्याकाळी जीपखाली घरून आणलेली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, परात ठेवायचे आणि सकाळी तिच्यातलं तेल बघूनच ठरवायचे, आज डब्यात किती घालायचं. एकदा मी वैतागून म्हणालो, "अप्पा, ही गळती कधी थांबायची?" तर गाडीखालून आवाज आला, "कावून थांबवता? गळतीय म्हंजी आत तेल हाय. भ्या न्हाई. ज्या दिवशी परात कोरडी दिसंल ना सायेब, त्या दिवशी चावीला हात लावू नका."

किती सोपी गोष्ट होती!

दरवर्षीप्रमाणे अप्पा कपिलधारच्या यात्रेला निघाले. जाण्याआधी त्यांनी डब्यातलं तेल बदललं, खालचं बूच स्वतः आवळलं आणि परात माझ्या हवाली केली. पहिल्या सकाळी परातीत नेहमीएवढं तेल होतं. मी वरून तेवढं घातलं. दुसऱ्या सकाळी परात लख्ख कोरडी. वाकून पाहिलं, बूचही जागच्या जागी घट्ट. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. नवं तेल मानवलं असं वाटलं. ड्रायव्हर हसून म्हणालासुद्धा, "अप्पा देवाला गेलते, तिकडूनच दुरुस्त केली बघा." आम्ही दोघं हसलो आणि मी जीप सोडली. खरं तर आदल्या दिवशीच्या चढावर सील पुरतं गेलं होतं आणि सगळं तेल रस्त्यावरच सांडलं होतं. सकाळी ठिबकायला आत काही उरलंच नव्हतं.

शेवटच्या वळणावर डबा जाम होऊन तडकला. जीप हिसका खाऊन थांबली, ट्रॉली उलटली आणि टाकी दरीत गेली. ड्रायव्हर वाचला. वरची माणसं रिकाम्या घागरी घेऊन कड्यावरून आपलं पाणी खडकांवरून ओघळताना बघत राहिली. त्यानंतर आठ दिवस त्या वस्तीच्या बायका डोंगर उतरून पाणी डोक्यावर वाहत होत्या.

फुटलेल्या डब्याचा खालचा तुकडा बुचासकट दरीत गेला होता, त्यामुळं कशाचाच पुरावा नव्हता. कार्यकारी संचालकांनी विचारलं, "तेल कोण बघतं?" मी म्हणालो, "मिस्त्री." एवढ्यावर थांबलो असतो तरी मी नुसता भित्रा ठरलो असतो. पण दुसऱ्या दिवशी अप्पा परतले, प्रसादाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि एकच प्रश्न विचारला. "परात कोरडी व्हती का सायेब?"

माझी नोकरी नवी होती, लग्न ठरलेलं होतं... मी म्हणालो, "नाही अप्पा. गळतच होती."

त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "मंग सकाळी आत तेल व्हतं. वाटंत एकदम सांडलं म्हंजी बूच माझ्याच हातानं ढिलं ऱ्हायलं," ते म्हणाले. चौकशीतही त्यांनी तेच सांगितलं, आणि त्यांना कमी करण्यात आलं. त्यांच्यावर आळ मी घेतला असता, तर ते भांडले असते. मी त्यांना त्यांच्याच हातावर संशय घ्यायला लावला.

पुढं त्यांनी वडवणीत गॅरेज टाकलं. गेल्या वर्षी मी माझी गाडी तिथं नेली होती. त्यांनी बूच आवळलं, पाना बाजूला ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा आवळलं. मग माझा हात धरून गाडीखाली नेला. "तुमीबी बघा. ह्या हाताचा लई भरवसा न्हाई." मागं भिंतीवर त्यांच्या अक्षरात ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं : बूच दोनदा बघणे. तेव्हाही मी चहा पिऊन निघून आलो.

परवा शिवानंदकडं गेलो. एका जुन्या जीपखाली तीच परात होती, काठ चेपलेली, तेलानं काळी झालेली. त्यानं बूच आवळलं, थांबला, पुन्हा आवळलं. मी बघतोय हे दिसल्यावर ओशाळून म्हणाला, "अप्पांची सवय. कारखान्यात त्यांच्या हातून एकदा चूक झाल्ती म्हणं." मी मान डोलावली आणि गाडीत जाऊन बसलो. म्हणून लिहितोय.

शिवानंद, वर्तमानपत्राची ही पुरवणी तुझ्या हाती पडेल तेव्हा भिंतीवरची ती ओळ खरवडून टाक. बूच घट्ट होतं. परात कोरडी होती, आणि ती मी पाहिली होती.