गिटारीला ऊन

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, अंगणात खुर्चीवर गिटार कशाला ठेवली आहेस?" मी म्हटलं, सावकाश लिहून कळवीन. तोंडाने सांगायला गेले असते तर मध्येच थांबावं लागलं असतं.

ती गिटार माझ्या धाकट्या भावाची, म्हणजे तुमच्या आईच्या मामाची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीतच एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. सासरही गावातच, त्यामुळे संध्याकाळी माहेरी एक चक्कर असायचीच. माहेरी आई आणि भाऊ, दोघंच. वडील आधीच गेले होते. त्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा आईला वाटलं गॅस असेल, म्हणून तिने ओवा आणि गरम पाणी दिलं. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. "तुमच्या हातात काही नव्हतं," असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं, पण त्यानंतर आईने घरात ओवा आणू दिला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गिटार आणली शेजारच्या चाचांनी. ते बोटीवर खलाशी होते. कुठल्याशा बंदरात त्यांनी ती जुनी घेतली होती, पण त्यांच्या घरी कोणी हात लावेना. शेवटी एक दिवस ती आमच्या ओटीवर आणून ठेवली आणि आईला म्हणाले, "भाभी, ह्या पोराची बोटं दिवसभर टेबलावर नाचतात. निदान आवाज तरी बरा येऊ दे."

भाऊ रेडिओला कान लावून स्वतःच शिकला. गल्लीच्या टोकाला शिंपीकाकांचं दुकान होतं. दिवसाचं काम आटोपलं की काका मशीनवर फडकं टाकून बेंजो काढायचे आणि आमच्या शाळेचा शिपाई ढोलकी घेऊन यायचा. हळदीला, साखरपुड्याला, गणपतीत ही पार्टी वाजवायची. भाऊ पहिल्यांदा गिटार घेऊन गेला तेव्हा काका ओरडले, "मेल्या, नारळ खवायला बसलास काय? सरळ धर ती!" वर्षभरात तेच काका गिऱ्हाईकांना सांगायला लागले, "आमच्यात गिटार आहे हो. चिपळूणपर्यंत कुणाकडे असली तर दाखवा."

आईला सूर-तालातलं काही कळत नसे. पण तो वाजवायला बसला की ती तांदूळ निवडायला घ्यायची, आणि ते तांदूळ निवडून संपतच नसत.

मग तो मे महिना आला. चिपळूणच्या पुढे लोटे गावातल्या एका केमिकल कंपनीत मुलाखत होती म्हणून भाऊ तिकडे गेला आणि रात्री मित्राकडे राहिला. आमच्याकडे पावसाआधी घरातल्या सगळ्या वस्तूंना ऊन दाखवायची रीत आहे. गाद्या, गोधड्या, पापड, मिरच्या, पुस्तकं, सगळं अंगणात येतं. नाही तर श्रावणापर्यंत प्रत्येक वस्तूवर बुरशी. आईने भिंतीवरची गिटार उतरवली, खोबरेल तेलाचा हात फिरवून चकचकीत केली आणि अंगणाच्या कडेच्या गडग्याला, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणाला टेकवून कोकमांच्या शेजारी ठेवली. सकाळी ठेवलेली दिवेलागणीला आत आणली. तारा तशाच ताणलेल्या होत्या. त्या सैल करायच्या असतात हे तिला कसं ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी भाऊ एसटीने परत आला तेव्हा मी तिथेच होते. नोकरी मिळाली होती, आता लोट्यालाच राहायचं होतं. आईने गूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या गिटारीलासुद्धा ऊन दाखवलं हो. आता चार महिने काळजी नको."

तिला ती फक्त स्वच्छ दिसत होती. भावाने हातात घेतली मात्र, त्याचा चेहरा बदलला. मान वाकली होती, तारा बोटभर वर उचलल्या गेल्या होत्या, आतला डिंक सुटून पोट खपाटीला गेलं होतं. त्याने एक तार छेडली. फुटक्या घमेल्यावर खडा पडावा तसा आवाज.

"बरं केलंस, आई," तो म्हणाला आणि गिटार परत खुंटीला लावली.

आई चहाला आत गेल्यावर मी कुजबुजले, "सांगून टाक. त्यात काय एवढं?"

"ताई, ओवा विसरलीस?"

मी चहाचे कप आणायला आत गेले.

पेटी-तबला दुरुस्त करणाऱ्याकडे तो ती लपवून घेऊन गेला. त्याने डिंक भरला, दोऱ्या आवळल्या, पण तारा चढवल्या की मान पुन्हा वाके. चाचा पुढच्या सुट्टीत बोटीवरून आले तेव्हा त्यांना कळलं. ते म्हणाले, "दुसरी आणतो रे, त्यात काय?" भाऊ म्हणाला, "आईने विचारलं, जुनीला काय झालं, तर काय सांगू?" "मग लोट्याला ठेव." "तिकडे कुणासाठी वाजवू, चाचा? पार्टी इथे. इथे वाजवली की दुसऱ्या दिवशी तिला कळणार."

तो आठवड्याच्या सुट्टीला यायचा. "वाजव ना रे थोडं," आई म्हणायची. कधी तार तुटलेली असायची, कधी नाइट शिफ्टने डोकं दुखत असायचं. गणपतीत शिंपीकाकांची पार्टी आमच्या दारावरून वाजवत गेली की तो मागच्या पडवीत जाऊन बसायचा. आई मला म्हणायची, "मेल्या कंपनीने माझ्या पोराची गिटार सोडवलीन." तो ऐकायचा आणि कंपनीला दोष लागू द्यायचा.

आणि दर मे महिन्यात आईची हाक यायची, "गिटारीला ऊन दाखवायचंय!" तो स्वतः ती खुंटीवरून काढायचा, तेल लावायचा आणि गडग्याला टेकवून ठेवायचा. आई समाधानाने बघत असायची. त्याच्या पाठीकडे बघणं मला जमत नसे.

काही वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. शेवटच्या उन्हाळ्यात तिने खाटेवरूनच विचारलं, "ठेवलीस ना बाहेर? मी गेले तरी दरवर्षी ठेवत जा हो." पावसाच्या तोंडावर ती गेली.

चाचा त्यानंतर घरी आले ते नवी गिटार घेऊनच. ओटीवर आम्ही तिघंच होतो. भावाने ती मांडीवर घेतली, तारांवर बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. चाचा म्हणाले, "येईल रे, हळूहळू येईल." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बोटं विसरली, ताई." ती गिटार त्याने शिंपीकाकांच्या पार्टीला देऊन टाकली.

पुढच्या मे महिन्यात तो रजा घेऊन आला आणि जुनी गिटार अंगणात नेऊ लागला. मी म्हटलं, "आता कशाला रे?"

"तिने सांगितलंय."

तो गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. मे महिना आला की मीही तेलाचा हात फिरवते आणि बाहेर ठेवते. फक्त तारा आधी सैल करते, आणि गडग्याला टेकवत नाही. जांभा फार तापतो. म्हणून खुर्ची.