गुरप्पाची फळी

चौऱ्याहत्तर साली मिलमागच्या वस्तीत झोपड्या बेचाळीस आणि नळ एकही नाही. जुनी माणसं वरच्या अंगाला, दुष्काळात सांगोल्याकडून आलेली खालच्या. मोर्चे काढून काढून एक नळ मंजूर झाला. पालिकेचा साहेब म्हणाला, "जागा सोमवारपर्यंत तुम्हीच ठरवा. नाहीतर रस्त्याकडेला ठोकून मोकळा होतो."

दोन सभा झाल्या. दोन्हींत घागरी फुटल्या.

मग वरच्या अंगाचा गुरप्पा उठला. चादरीच्या मागावर नक्षीचे दोरे बांधणं हे त्याचं काम. भोकांच्या फळीतून शेकडो दोरे ओवायचे, प्रत्येकाखाली वजन टांगायचं. शाळा चौथीपर्यंतच, पण कुठला दोरा कुठं ओढतो हे त्याच्या बोटांना कळे. त्यानं दोन पिंपांवर एक फळी टाकली, कोळशानं वस्ती काढली, झोपडी तिथं भोक पाडलं.

"दर घरानं आपला दोरा आपल्या हातानं ओवायचा. घरात माणसं जितकी, तितके लोखंडी वायसर खाली बांधायचे. वर सगळ्या दोऱ्यांची एकच गाठ, दर घर तिला आपल्याकडं वढंल. ती थांबंल तितं नळ. कुणी मधी बोलायचं न्हाय."

बोलायचं नाही म्हटल्यावर सगळे बोलले. तान्ह्या पोराला वायसर मोजायचा का, यावर तासभर गेला. "माज्या सासूला दोन लावा, दोघींचं पाणी एकटी सांडती," असं कुणीतरी मागून म्हणालं.

गुरप्पानं गाठ सोडली. ती सरकली, थरथरली आणि थांबली. त्याच्याच दारापासून चार पावलांवर.

त्याची बायको सुंदरम्मा एका पायानं अधू. पाण्याला जाताना तिचा जीव जायचा, हे तो रोज बघत होता. आतून तो हरखला. चेहरा तेवढा कोरा ठेवला.

खालच्या अंगाची बजाबाई पुढं आली. घरात नऊ माणसं.

"गुरप्पा, गाठ तुज्या वळकीची हाय व्हय?"

"बजाबाई, जीभ सांभाळ! मी लबाड हाय?"

तिनं फळीच्या कडेला टिचकी मारली. गाठ टुणकन उडाली आणि दोन बोटं खालच्या अंगाला सरकली.

वस्ती हसली. गुरप्पाचे कान तापले. मागावर दोरा ओवण्याआधी भोकाची कड घासायची, हे तो नव्या कामगारांना शिव्या देऊन शिकवायचा. आणि इथं स्वतःच विसरला होता. दोरे भोकांत अडकले होते.

त्यानं सगळे दोरे उतरवले, बेचाळीस भोकं काचपेपरनं घासली, दोऱ्यांना मेण लावलं. पुन्हा प्रत्येकानं आपापला दोरा ओवला. या वेळी टिचक्या चारी बाजूंनी मारल्या. तीनदा सोडली, तीनदा गाठ एकाच ठिकाणी आली. वस्तीतल्या कडुलिंबाखाली. गुरप्पाच्या दारापासून ऐंशी पावलं.

त्यानं सुंदरम्माकडं पाहिलं.

"बघताय काय असं? खूण करा की!" ती म्हणाली.

सोमवारी नळ लिंबाखाली बसला. आठवड्याभरात वाटेवर चाळीसाव्या पावलाला एक सपाट दगड आला. बजाबाईच्या पोरांनी ओढून आणला होता, सुंदरम्माला घागर टेकवायला. कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं शिकलेली मंडळी वस्त्यांत नकाशे घेऊन आली, लोकांना विचारून बांधायचं म्हणाली. चांगलंच म्हणाली. आमच्याकडं ते फळीवर आधीच झालं होतं.

आता घरोघरी नळ आहेत. लिंब गेला, मिलचा भोंगा गेला, दगड आहे. म्हातारा गुरप्पा संध्याकाळी त्यावर बसायचा. नळाची जागा कुणी ठरवली म्हणून कुणी विचारलं, की ऐटीत सांगायचा, "गाठीनं."

आणि समोरच्या दारातून बजाबाई ओरडायची, "अन् टिचकी कुणी मारली, ते बी सांग की!"