ब्रेक दाबायला माणूस हवा होता

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर दहा मिनिटांची मदत मागितली. नुसते अंगठे आले, माणूस एकही आला नाही. म्हणून हे लिहिते.

माझ्या चाळीस वर्षांच्या जपानी गाडीचं सगळं काम मी स्वतः केलं. पण ब्रेकच्या नळीतली हवा एकटीला काढता येत नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करायचा. आमचे हे होते तोवर पेडल त्यांच्याकडे असायचं. रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन, आणि ब्रेक लागेना.

शेवटी करंजाहून मासळी घेऊन येणाऱ्या हिराबाईंना आत बसवलं.

“दाबा. सोडू नका!”

“अगो बाय, पाय भरला माजा! घरात दुसरं कोनी नाय?”

“नाही.”

त्यानंतर त्या कुरकुरल्या नाहीत. चारही चाकं झाली. ब्रेक घट्ट लागला.

“रविवारी येता माझ्याबरोबर?” मी विचारलं.

“आयतवारी? आयतवारीच तर मासली खपते, बाय.”

खरं आहे.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्यांना दिलं ते एवढंच: एक कप चहा आणि प्रदर्शनाचा जोडीदाराचा पास. येणार नाहीत, तरी पदराला बांधून नेला.